सिवू कानावर पडली तेव्हा

घानातलं होहोए शहर मागे टाकून ट्रोट्रो, म्हणजे तिथली वडाप, उत्तरेकडे निघाली आणि मी अक्पाफू-मेम्पेआसेमला उतरले. मेम्पेआसेम हे त्वी भाषेतलं नाव, ‘मला कटकट नको’ अशा अर्थाचं. वर डोंगरावर जुनं गाव आहे तोद्झी. हे एवे भाषेतलं, ‘डोंगरावर’. गावांना नावं दुसऱ्यांच्या भाषांतली, आणि घराघरांत बोलतात ती सिवू. लोक स्वतःला मावू म्हणतात, मुलखाला कावू. ‘वू’ तोच, पुढे सि लागला की भाषा, मा लागला की माणसं, का लागला की भूमी.

सिवूच्या बोली दोन, अक्पाफू आणि लोलोबी, आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांचं समजतं. लिहायची वेळ आली की मात्र बहुतेकदा एवे किंवा इंग्रजी. हा भाग टोगो या जर्मन वसाहतीत होता तेव्हा जर्मन मिशनऱ्यांनी एवेला हाताशी धरलं, ती चर्चची आणि शाळेची झाली. सिवू मुख्यतः बोलण्यापुरती राहिली. १९१२ साली एका जर्मन अभ्यासकानं या डोंगरांतल्या अशा छोट्या भाषांना मिळून नाव दिलं, ‘टोगोच्या उरलेल्या भाषा’. उरलेल्या! इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोंगरातून लोखंड काढून गाळलं, डोंगरउतारावर लाल भात पिकवला. त्यांच्या भाषेला उरलीसुरली म्हणणं मला सहन होत नाही.

दुपारी एका अंगणात आजी लाल तांदूळ पाखडत होत्या. मी कोकणातली; सूप हातात घेतल्याशिवाय राहवेना. चुलीवरच्या काळ्या भांड्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, ‘क्पिनाक्पिना’. मी म्हटलं, काळंकुळकुळीत! दोरीवरच्या पांढऱ्या कापडाला ‘फुतुतु’. घासलेल्या पातेल्यावर ऊन चमकलं तर ‘गेलेगेले’. आमचं लखलखीत. मग खेळ सुरूच झाला. दात नसलेलं तोंड चघळताना कसं हलतं? ‘मुकुमुकु’, आणि आजींनी गाल आत ओढून ते करूनही दाखवलं. असे शब्द सिवूत ढिगानं आहेत, आणि हात, डोळे, आवाज यांच्यासकट बोलले जातात. मराठी कानाला ते परके वाटतच नाहीत.

घोटभर गार पाणी प्यायल्यावर त्या म्हणाल्या, ‘सा…’

नातवानं माझ्या वहीत तो शब्द एवेच्या अक्षरांत लिहायला घेतला आणि थांबला. किती ‘आ’ काढायचे? त्यानं आजींना विचारलं. त्यांनी आणखी एक घोट घेतला आणि तोच शब्द पुन्हा म्हटला, या वेळी जरा जास्त लांबवून.