चुकीच्या हातातली काठी

धाकट्या भावाने ‘ॲनिमा’बद्दल एकच वाक्य ऐकवलं आणि फोन ठेवला. “ताई, ज्या अल्बमला उभं राहायला व्हिडिओची कुबडी लागते, तो अल्बम मुळात लंगडा.”

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कुबडीचा असा अपमान मला सहन होत नाही.

भांडण 2019 सालचं आहे, पण आमच्याकडे ते अजून मिटलेलं नाही. त्या वर्षी 27 जूनला रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा गायक थॉम यॉर्क याचा ‘ॲनिमा’ आला. 2006चा ‘द इरेझर’, 2014चा ‘टुमॉरोज मॉडर्न बॉक्सेस’ आणि मग हा. म्हणजे सिनेमासाठी केलेलं संगीत सोडलं तर तिसरा सोलो अल्बम. त्याच दिवशी नेटफ्लिक्सवर त्याच नावाची पंधरा मिनिटांची फिल्म आली, दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन. अल्बममध्ये नऊ गाणी, फिल्ममध्ये त्यातली तीन.

आम्हा दोघांचं बिनसलं ते क्रमावरून. भावाने आधी अल्बम ऐकला. दिवे बंद, हेडफोन कानात, फोन उलटा ठेवलेला. तो कुठलाही नवा अल्बम असाच ऐकतो आणि संपेपर्यंत घरातल्या कुणी हाक मारलेली त्याला चालत नाही. मी दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून आले होते. पाय उशीवर टाकले, लॅपटॉप पोटावर घेतला आणि थेट फिल्म लावली. अल्बम दुसऱ्या दिवशी. तेव्हा वाटलं होतं, काय फरक पडतो.

चाहत्यांचं म्हणाल तर त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा निकाल अल्बम यायच्या आधीच लागला होता. यातली बरीच गाणी यॉर्कने 2017-18च्या दौऱ्यांत वाजवली होती. कुणीतरी फोन उंच धरून केलेल्या, मध्येच कुणी शिट्टी मारतंय अशा रेकॉर्डिंगवरून लोकांची आवडनिवड पक्की झालेली. त्यामुळे स्टुडिओतलं गाणं आलं की पहिली तक्रार ठरलेली: “स्टेजवर जास्त भारी होतं.” दुसरी तक्रार त्याहून जुनी, ‘द इरेझर’पासूनची: गिटार कुठे आहेत? ड्रम कुठे आहेत? माझा भाऊ बास गिटार वाजवतो, रेडिओहेडच्या कॉलिन ग्रीनवुडच्या बासलाइन बसवण्यात त्याची कॉलेजची वर्षं गेली. सोलो अल्बम तो नेहमी हजेरीपट घेऊन ऐकतो. कोण कोण गैरहजर आहे ते आधी लिहून घेतो. ‘इम्पॉसिबल नॉट्स’मध्ये ड्रम रेडिओहेडच्याच फिल सेलवेचे आहेत हे कळल्यावर म्हणाला, “बघ! शेवटी बँडच आठवला.” जणू घरातून रुसून गेलेला मुलगा पैसे मागायला परत आलाय.

खरं तर हा अल्बम बँडच्या पद्धतीने झालेलाच नाही. यॉर्कने निर्माता नायजेल गॉडरिचला लांबच लांब, अर्धवट तुकडे पाठवले. गॉडरिचने त्यांतला एखादा भाग धरून ठेवला, त्याचे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे, केले, आणि मग यॉर्कने त्यावर शब्द लिहिले. पाच माणसं एका खोलीत एकमेकांकडे बघत वाजवतायत, तसला श्वास यात सापडणार नाही. आणि नेमकी ही शरीराची उणीव फिल्मने भरून काढली, असं माझं मत. त्यावर भावाचं ते कुबडीचं वाक्य.

फिल्मची सुरुवात भुयारी रेल्वेच्या डब्यात होते. सगळे प्रवासी काळपट, कामकरी कपड्यांत, आणि सगळे झोपेत. ‘नॉट द न्यूज’ सुरू होतं आणि त्या झोपलेल्या माना एकत्र हलायला लागतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात मी लॅपटॉप पोटावरून उचलून टेबलावर ठेवला. कारण मान हा माझ्या रोजच्या धंद्याचा विषय. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. बसल्या बसल्या झोप लागली की मानेमागचे स्नायू हळूहळू सैल सुटतात, डोकं पुढे कलतं, एका ठरावीक जागी शरीर घाबरतं आणि झटक्याने ते वर ओढतं. बसमध्ये शेजाऱ्याच्या खांद्यावर हे सगळ्यांनी बघितलंय. पण हे नाटक करणं महाकठीण. मुद्दाम डोकं टाकायला गेलात तर कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा स्नायू टणक होतो आणि चोरी पकडली जाते. मी पॉज करून करून ते गळे बघितले. नर्तक उत्तम आहेत, फार थोड्या जागी पकडता आले. प्रवाशांत स्वतः यॉर्कही आहे, तो पकडला जातो. पन्नाशीचा माणूस, नर्तक नाही. पण तो चोरी लपवायचा प्रयत्नही करत नाही, त्यामुळे त्याच्यावर जीव जडतो. 2011च्या ‘लोटस फ्लॉवर’च्या व्हिडिओपासून त्याच्या नाचाची लोकांनी इतकी थट्टा केलीय की दुसरा कुणी असता तर आयुष्यभर स्टूलवर बसून गायला असता.

त्या डब्यात समोर एक बाई बसलेली असते, दायाना रोंचोने. अभिनेत्री आहे, यॉर्कची तेव्हाची मैत्रीण, पुढे त्यांनी लग्न केलं. ती उतरते आणि तिचा डबा मागे राहतो. जेवणाचा साधा डबा. तो घेऊन हा तिच्यामागे निघतो. तिकिटाच्या फाटकातून सगळं जग आरामात बाहेर पडतं, हाच तेवढा अडकतो. मूकपटातल्या नायकासारखा. इथे मी एकटी मोठ्याने हसले. रेडिओहेडशी संबंधित काही बघताना मी हसले, ही माझ्या आयुष्यातली फार मोजकी उदाहरणं.

मग ‘ट्रॅफिक’ आणि तो उतार. पांढरट, प्रचंड, तिरका पट्टा आणि त्यावर माणसं: घसरणारी, चढणारी, एकमेकांना ढकलणारी. नृत्यदिग्दर्शक दामियाँ जाले. त्याने 2017 साली स्वीडनमधल्या योतेबोरीच्या नृत्यसंघासाठी ‘स्किड’ नावाचा प्रयोग केला होता, 34 अंशांत कललेल्या रंगमंचावर. इथला उतार त्याच कुळातला. 34 अंश हे वाचायला काहीच वाटत नाही. सर्वसाधारण माणसाचा घोटा पाऊल वर उचलताना वीसेक अंश वळतो. म्हणजे अशा उतारावर चढाकडे तोंड करून सरळ उभं राहायचं ठरवलं की टाच उचलावी लागते. टाच उचलली की पकड गेली. तिथली माणसं वाऱ्याविरुद्ध उभी राहिल्यासारखी कलून उभी राहतात, आणि मला त्यांच्या पोटऱ्या दिसत राहतात. घोटा मुरगळून माझ्याकडे येणाऱ्यांना मी छोट्याशा तिरक्या फळीवर उभं करते, तेवढ्यात ते कुरकुरतात.

तर कुबडी. भावाला मी त्याच रात्री पुन्हा फोन केला आणि विचारलं, “उजवा गुडघा दुखत असेल तर काठी कुठल्या हातात धरायची?”

“उजव्या. हे काय विचारणं झालं?”

डाव्या! माझ्याकडे येणारी जवळजवळ सगळी माणसं काठी दुखऱ्या बाजूला धरूनच येतात. वाटतं की जिथे दुखतं तिथेच आधार हवा. पण चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जातो, काठीही त्याच्याबरोबर गेली तर दुखऱ्या पायावरचा भार खरोखर हलका होतो. चुकीच्या हातात धरली की माणूस काठीवर झुकतो आणि आणखी लंगडतो.

“म्हणून काय?” भाऊ म्हणाला.

म्हणून असं की, फिल्म आधार आहे की नाही हा प्रश्नच नाही. आहेच. कुठल्या गाण्याला कुठल्या बाजूने दिला ते बघ. ‘नॉट द न्यूज’ नुसतं ऐकलं तर मला टिकटिकाट वाटतो, बसायला जागा सापडत नाही. त्या माना बघितल्यावर ताल दिसतो, आणि एकदा दिसला की कान तो विसरत नाहीत. इथे काठी बरोबर हातात. ‘ट्रॅफिक’ला आधाराची गरज नव्हती, पण बिघडलंही काही नाही. ‘आय ॲम अ व्हेरी रूड पर्सन’ला हवा होता, त्याला मिळाला नाही. सात मिनिटांचं ‘ट्विस्ट’ फिल्ममध्ये नाही हे मात्र देवाची कृपा. मध्यावर ते गाणं अंग बदलतं, मुलांचे आवाज येतात, खालून सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, उगवतो; तिथे मला कुणाचं चित्र नको आहे.

राहिलं ‘डॉन कोरस’.

या गाण्याचं नाव चाहत्यांत वर्षानुवर्षं फिरत होतं. 2016मध्ये रेडिओहेडने याच नावाची कंपनी नोंदवली तेव्हा पुढच्या अल्बमचं नावच हे असणार अशी लोकांनी खात्री करून घेतली होती. इतकी वाट बघून हाती काय आलं, तर थोडेसे सिंथचे कॉर्ड, न ड्रम, न चढ, आणि जवळजवळ बोलल्यासारखा आवाज. काही लोक रडले, काहींनी विचारलं, एवढंच? आणि काहींनी यॉर्कच्या खाजगी आयुष्यातली दुःखं काढून त्या ओळींना चिकटवली. त्या चर्चेत मला जायचं नाही, गाणाऱ्याच्या घरात डोकावून गाणं कळतं यावर माझा विश्वास नाही.

फिल्ममध्ये या गाण्यावर प्रागच्या पहाटेच्या रस्त्यांवर ती बाई त्याला भेटते. दोघं भिंतीला पाठ लावून एकमेकांभोवती गिरक्या घेत सरकत जातात, एकाचं वजन दुसऱ्यावर, मग उलट. फार सुंदर आहे. मी भावाला म्हटलं, पहाटे भेटलेल्या दोन माणसांचं इतकं हळुवार गाणं मी ऐकलेलं नाही.

बराच वेळ तो काही बोलला नाही.

“भेटलेल्या?” मग म्हणाला. “ताई, त्या गाण्यात एकच माणूस आहे. रात्रभर जागा. सगळं पुन्हा करायला मिळालं असतं तर, असा विचार करत बसलाय. तिथे दुसरं कुणी नाहीये गं.”

मी गाणं पुन्हा लावलं. शब्द सगळे तेच होते, आणि तो म्हणतो तेच सांगत होते. पण मला ती भिंत दिसत राहिली. डोळे मिटले तरी भिंत, तिची पाठ, त्याची पाठ. त्याच्याकडे जे एकट्या माणसाचं गाणं आहे ते मला आता ऐकू येणार नाही. मी आधी फिल्म बघितली, संपलं. सगळ्यात धडधाकट पायाला काठी लावली होती ती इथे.

हे मी त्याच्यापाशी कबूल केलं. तो जिंकल्याच्या आवाजात हसला नाही, हे नोंदवून ठेवते.

आणि गेल्या आठवड्यात, इतक्या वर्षांनी, त्याने फिल्म बघितली. का, ते सांगितलं नाही. रात्री साडेअकराला फोन आला. मला वाटलं आता पंधरा मिनिटांचं भाषण. माना, उतार, मी काय काय सांगितलं होतं ते खोडून काढणार.

“ताई,” तो म्हणाला, “तिचा डबा तिला मिळाला का गं शेवटी?”

मी तोंड उघडलं आणि तशीच राहिले. इतक्या वेळा बघितलीय. पोटऱ्या आठवत होत्या, माना आठवत होत्या, शेवटी त्याच्या चेहऱ्यावर पडणारं ऊन आठवत होतं. डबा काही केल्या आठवेना.

“थांब,” मी म्हटलं आणि लॅपटॉप उघडला.