साठ म्हटलं, तिकडे आठ ऐकलं

आमचं ऑफिस रत्नागिरीजवळ, आंब्याच्या पॅकिंग शेडला लागूनच, भिंती जांभ्या चिऱ्याच्या, खाली लादी, वर पत्रा. सीझनला रोज वाशी मार्केटला फोन लागतो आणि आम्ही चौघं-पाचजण ऐकायला असतो म्हणून स्पीकर ऑन. गेल्या मे महिन्यात आम्ही साठ पेट्या म्हटलं, तिकडे आठ लिहून घेतल्या. आठचंच गिऱ्हाईक लागलं, बाकी माल तसाच पडून राहिला आणि त्या उकाड्यात हापूस काय थांबतो का, फार जीवाला लागलं माझ्या.

मग मी याच्या मागेच लागले. साध्या फोन लाइनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो आणि "स"चा बराचसा आवाज त्याच्या वरचा, त्यामुळे तो खरवडल्यासारखा निघून जातो. त्यात आमचा फोन खिडकीत, बोलणारा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने पडतो, पण चिरा-लादीवरून घुमणारा आवाज तेवढाच राहतो, मग समोरच्याला विहिरीतून बोलल्यासारखं ऐकू येतं. आता फोन टेबलाच्या मधोमध, खाली जाड टॉवेल, खुर्च्या जवळ ओढलेल्या, आणि आकडा सांगताना "सहा शून्य, साठ" असंच म्हणायचं, तिकडून परत म्हणून घ्यायचं.

पावसाचं वेगळंच. आमच्यासारखा स्वस्तातला स्पीकरफोन एका वेळी एकाच बाजूचा आवाज सोडतो, इकडे आवाज मोठा झाला की तिकडचा दाबतो. पत्र्यावर वळवाची सर आली की त्याला वाटतं आपणच बोलतोय, आणि वाशीचे काका अर्ध्या वाक्यात गायब! तेव्हा सरळ रिसिव्हर उचला, किंवा आपण ऐकत असताना म्युट दाबून ठेवा. आवाज फुल करू नका, त्यांना त्यांचाच आवाज परत ऐकू जातो. आणि स्पीकर ऑन केला की कोण कोण बसलंय ते आधी सांगा, माणूस विश्वासाने भाव सांगत असतो.

परवा मी घरून आमच्याच ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर टाका म्हटलं आणि पाच मिनिटं नुसतं ऐकलं. माणसांपेक्षा शेडमध्ये पेट्यांना खिळे ठोकताहेत तेच जास्त ऐकू येत होतं. आता फोनच्या वेळेला मधलं दार लावून घेतो.