नाकाचं ऑपरेशन: दोन तास टेबलावर, वर्षभर आरशासमोर

नाक बदलायचं म्हणजे नाक कापायचं, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. राइनोप्लास्टीत, म्हणजे नाकाचा आकार बदलण्याच्या ऑपरेशनात, वरच्या कातडीला कात्री फारशी लागतच नाही. सर्जन ती उचलतात, खालच्या हाडाचा आणि कूर्चेचा (लवचीक, मऊ हाडाचा) सांगाडा बदलतात आणि तीच कातडी परत वर बसवतात. सूज का रेंगाळते, शेंडा रेखीव व्हायला इतका वेळ का लागतो, याची उत्तरं इथेच आहेत. पातळ कातडीत फरक लवकर दिसतो, पण आतला बारीकसा उंचवटाही लपत नाही. जाड, तेलकट कातडी चुका झाकते आणि सर्जनचं बारीक कामही झाकते. अशा नाकाची चाफेकळी करायच्या हट्टापायी कूर्चा कापत गेलं, तर आतला आधार जातो, कातडी आक्रसत नाही आणि नाक उलट बोजड दिसू लागतं.

म्हणून पहिल्या भेटीत सर्जन नाक बोटांनी चाचपून बघतात का, आत लाइट टाकून दोन नाकपुड्यांमधला पडदा तपासतात का, श्वास कसा चालतो हे विचारतात का, याकडे लक्ष ठेवा. नुसते फोटो बघून तारीख देणाऱ्याकडून सरळ उठून यावं. कॉम्प्युटरवर नवं नाक करून दाखवतात ते एकमेकांचं म्हणणं कळावं म्हणून. ते वचन नव्हे. आणि सेल्फी पुरावा म्हणून नेऊ नका. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक असतं त्यापेक्षा बरंच मोठं दिसतं, कारण चेहऱ्याच्या इतर भागांपेक्षा तेच कॅमेऱ्याच्या जवळ असतं. दीड मीटरवरून कुणाकडून तरी फोटो काढून घ्या आणि मग ठरवा.

वयाचं म्हणाल तर नाकाची वाढ पूर्ण व्हावी लागते: मुलींत साधारण १५-१६, मुलग्यांत १७-१८.

तयारीत सिगारेट सगळ्यात महत्त्वाची. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि उचललेली कातडी जगते ती त्यांच्यावरच. शेंड्याची कातडी काळी पडून मरण्याचा धोका धूम्रपान करणाऱ्यांत जास्त असतो. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान ४ आठवडे बंद. व्हेपही त्यातच आलं. रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या गोळ्या सहसा २ आठवडे आधी थांबवतात. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

ऑपरेशन बहुधा पूर्ण भूल देऊन होतं आणि दीड ते तीन तास चालतं. पद्धती दोन. बंद पद्धतीत सगळे छेद नाकपुड्यांच्या आत असतात. खुल्या पद्धतीत दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर काही मिलिमीटरचा आणखी एक छेद घेऊन कातडी वर उलटतात, त्यामुळे शेंड्याची कूर्चा समोर दिसते. त्या खांबावरचा व्रण वर्षभरात बहुतेकांचा शोधावा लागतो. व्रण नको म्हणून बंद पद्धत मागू नये, असं माझं मत. सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलाय ती बरी.

नाकावरचा उंचवटा काढणं ऐकायला सोपं वाटतं. तो वर हाड आणि खाली कूर्चा, असा मिश्र असतो. तासून काढला की कौलारू घराचं आढं उडवल्यासारखी वर सपाट फट राहते आणि नाक समोरून रुंद दिसतं. ती मिटवायला दोन्ही बाजूंची हाडं कापून आत सरकवावी लागतात. डोळ्यांखाली काळंनिळं होतं ते मुख्यतः त्यामुळे. हाडाला हातच लावायचा नसेल तर काळेपणा फारच कमी असतो. भर घालायला लागणारी कूर्चा आधी नाकाच्या पडद्यातून घेतात. पडद्याच्या वरच्या आणि पुढच्या कडेला साधारण १ सेंटीमीटरची काटकोनी पट्टी मात्र ठेवावीच लागते, नाक तिच्यावर उभं असतं. तेवढ्यावर भागलं नाही तर कान, आणि फारच गरज असेल तर बरगडी.

शुद्धीवर आल्यावर दुखण्यापेक्षा चोंदल्याचा त्रास जास्त. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण पहिला आठवडा शब्दशः जगावी लागते: घसा कोरडा, ओठ फुटलेले, झोप तुटक. दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवा. बर्फाचा शेक गालांवर आणि डोळ्यांभोवती, नाकावर नाही. सूज आणि काळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. आरसा तेव्हा टाळलेलाच बरा. वरचं प्लास्टर आणि खांबावरचे टाके साधारण आठवड्याने निघतात. प्लास्टरखालून निघालेलं नाक फुगलेलं आणि शेंड्याला वर खेचल्यासारखं दिसतं. इथे पुष्कळ जण घाबरतात. ते तसंच दिसायचं असतं.

दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून. खपल्या बोटाने काढायच्या नाहीत, सलाइनच्या फवाऱ्याने भिजवून सुटू द्यायच्या. हाडं कापली असतील तर ४ ते ६ आठवडे चष्मा नाकावर टेकवायचा नाही, नाहीतर हाडावर खळगा पडतो. चष्मा कपाळाला टेपने चिकटवतात. चालायला लगेच हरकत नाही, जड वजन आणि पळणं ३-४ आठवड्यांनी, चेंडू किंवा कोपर लागू शकेल असे खेळ त्याहून बरेच उशिरा. शेंडा बधिर आणि हसताना वरचा ओठ ताठ, हे काही आठवडे किंवा महिने चालतं. शेंड्याची सूज वर्षभर, जाड कातडीत त्याहून जास्त रेंगाळते, आणि सकाळी संध्याकाळपेक्षा जास्त वाटते.

थोडं लालसर पाणी येणं ठीक. पण दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय, दोन्ही नाकपुड्या एकदम गच्च झाल्यात, ताप आहे, तर त्याच दिवशी दाखवा, रात्र असली तरी. पडद्यात रक्त साठलं असेल तर कूर्चेचं पोषण तुटतं, ती विरघळते आणि नाक मधोमध बसतं.

उशिरा दिसणारे दोष वेगळे. शेंड्याच्या वरचा भाग फुगीर राहिला तर बाजूने पोपटाची चोच दिसते. कधी ती आत जमलेल्या व्रणाच्या पेशींमुळे असते आणि इंजेक्शनने उतरते, कधी कूर्चा जास्त राहिल्याने किंवा शेंड्याचा आधार खचल्याने. नाकाच्या मधल्या भागाला आधार दिला नसेल तर तो आत चिमटला जातो आणि श्वासही अडतो. त्यासाठीच तिथे कूर्चेच्या बारीक पट्ट्या बसवतात.

दुरुस्तीचं ऑपरेशन वर्षाच्या आत सहसा करत नाहीत, कारण व्रण मऊ झाल्याशिवाय कातडी नीट सुटत नाही आणि सूज कुठली, दोष कुठला हेच कळत नाही. पहिल्या ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मात्र घरी जाण्यापूर्वीच मागून घ्या. पडद्यातली किती कूर्चा काढली, कुठे काय बसवलं, हे दुसऱ्या सर्जनला बाहेरून बघून कळत नाही.