पाव इंची छर्रे आणि लेव्हल पाइप

जागा आवळली की कणांची मांडणी बदलते, हे नॅनोविज्ञानातलं मला सगळ्यात देखणं वाटणारं तत्त्व. ते दाखवायला महागडी यंत्रं लागत नाहीत. तालुक्याच्या बाजारात सगळं मिळतं.

सायकल दुकानातून २० पाव इंची छर्रे (६.३५ मिमी) आणि गवंड्याचा पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, आतून ८, १० आणि १२ मिमीचा. वेटोळ्यात पाइप लंबगोल होतो. सळईला बांधून आपल्याकडच्या वैशाखाच्या उन्हात तासभर ठेवा, मग वीतभर तुकडे कापून आतला व्यास व्हर्नियरने मोजा. छर्र्यांचं ग्रीस रॉकेलने धुऊन पुसा, नाहीतर छर्रा मधेच चिकटतो. खालचं तोंड बुचाने बंद करून पाइप ओळंब्यात उभा धरा आणि एकेक छर्रा सोडा. मूठभर ओतले तर कमान धरून अडकतात. पहिला छर्रा भिंतीला टेकलेलाच हवा.

८ मिमीत रांग जवळपास सरळ, उंची १२३ मिमी. १० मिमीत नागमोडी, १०५ मिमी.

१२ मिमीत मात्र पीळ पडतो! तिसरा छर्रा पहिल्याच्या बरोबर डोक्यावर बसायचा, तर दोघांच्या केंद्रांत ५.८ मिमीच अंतर राहतं; हवं ६.३५. मग तो बाजूला सरकतो, चौथाही त्याच दिशेने सरकतो. पीळ डावा की उजवा, ते तिसरा ठरवतो. पीळ सुरू होण्याची सीमा आहे छर्र्याच्या व्यासाच्या १.८६६ पट, म्हणजे पाइप आतून ११.८५ मिमी. पाइप आतून ११.७ निघाला तर पीळ दिसणारच नाही.

सी-६० फुलरिन, म्हणजे ६० कार्बन अणूंचे रेणू, हे असेच गोळे, शेजारच्या दोघांच्या केंद्रांत साधारण १ नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) अंतर. १९९८ मध्ये ते कार्बन नॅनोट्यूबमध्ये (कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म नळीत) तुरीच्या शेंगेतल्या दाण्यांसारखे एका रांगेत दिसले. २००३ मध्ये बोरॉन नायट्राइडच्या रुंद नळ्यांत पिळाच्या रचनाही सापडल्या. मोकळ्या स्फटिकात त्या नसतात.

फरक एवढाच की छर्र्यांना गुरुत्व बसवतं, रेणूंना परस्परांचं आणि भिंतीचं आकर्षण. शिवाय चुकून बसलेल्या रेणूला उष्णता हलवून पुन्हा संधी देते. छर्र्यांसाठी ते काम आपण करायचं: प्रत्येक छर्र्यानंतर पाइपला पेन्सिलीने हलकी टिचकी.