अकराचे ठोके

फोनवरच बजावलं होतं, "घड्याळ बिघडलेलं नाही बरं का, थांबवलेलं आहे." मग मला बोलावता कशाला, हे ओठांवर आलेलं गिळलं. मनोऱ्याची डागडुजी निघाली होती. आत यंत्र शिल्लक आहे का ते बघायचं आणि जमलं तर चालू करायचं, एवढंच काम. चालू करावं की नाही यावरून समितीतच दोन तट होते.

मनोरा पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचा. पाटीवर नावं, खाली १९१४–१९१९. युद्ध १९१८ला संपलं, मग कोरणारा चुकला का, असं एका पोरानं विचारलं. चुकला नव्हता. ११ नोव्हेंबर १९१८ला सकाळी अकराला तोफा थांबल्या तो नुसता युद्धविराम. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ला. म्हणून बऱ्याच स्मारकांवर १९१९ दिसतं. तबकडीवरचे अकरा हे त्याच सकाळचे अकरा, अशी गावाची श्रद्धा. कुणीतरी मानवंदना म्हणून काटे तिथे थांबवले म्हणे.

काटे खरोखर अकरावर होते. मिनिटकाटा केसभरही इकडेतिकडे नाही. मला खटकलं ते हेच. बंद पडणारं घड्याळ इतकं शिस्तीत बंद पडत नाही.

वर जाणं म्हणजे कबुतरांच्या विष्ठेतून रांगणं, ते सोडून देतो. यंत्र बघून मात्र जीव हरखला. ओतीव लोखंडाची चौकट, काट्यांची चक्रं वेगळी, ठोक्यांची वेगळी, दोन्हींना आपापलं वजन. लंबकाचा दांडा लाकडी. एका सेकंदात एक झोका घेणारा लंबक साधारण ९९.४ सेंटिमीटर लागतो. हा सव्वा सेकंदाचा, म्हणजे दीड मीटरहून थोडा लांब. पोलादी दांडा दहा अंशांनी तापला तर घड्याळ दिवसाला पाचेक सेकंद मागे पडतं. चांगलं मुरलेलं लाकूड लांबीला फारसं हलत नाही. बसवणाऱ्याला कळत होतं. नंतर आलेल्यांबद्दल न बोललेलं बरं, पण राहवत नाही. दात्यांना ग्रीस! अहो, घड्याळाच्या दात्यांना तेलसुद्धा लावायचं नसतं. तेल फक्त आसांच्या टोकांना, तेही थेंबभर. ग्रीस धूळ धरतं, ती धूळ मऊ पितळात रुतून बसते आणि कडक पोलाद झिजवते.

काट्यांच्या वजनाचा दोर तुटलेला, वजन तळाला. आणि यंत्राच्या लाकडी पेटीच्या दारावर, आतून, पेन्सिलीच्या नोंदी. अशा नोंदी मी बऱ्याच मनोऱ्यांत पाहिल्यात. चावी देणाऱ्या माणसाला वर दुसरं बोलायला कोण असतं? "तेल दिले." "४ मिनिटे मागे." शेवटची ओळ: "दोर तुटला. १०-४०. काटे सोडवले."

सोडवले म्हणजे यंत्रापासून तबकडीकडे जाणाऱ्या दांड्याचं कपलिंग ढिलं केलं. शहाणा माणूस. नाहीतर वारा काट्यांना ढकलतो आणि तो सगळा जोर यंत्रावर येतो. पण मधल्या काळात कुणीतरी मूळचे जड काटे काढून हलक्या पत्र्याचे लावले होते आणि मागचं समतोलाचं वजन जुनंच ठेवलं होतं. त्यामुळे मोकळा सुटलेला मिनिटकाटा आपसूक वर चढणार आणि बारावर जाऊन उभा राहणार. दहा चाळीसला तो आठावर होता. चढता चढता त्यानं तासकाट्यालाही सोबत नेलं आणि झाले अकरा. मी काटा हातानं आठावर नेऊन तीनदा सोडून पाहिला. तीनदा तिथेच.

ठोक्यांचं मोजणीचं चक्र काट्यांना बांधलेलं नसतं, ते फक्त मागच्या ठोक्यांचा हिशेब धरून बसतं. ते दहाच्या पुढच्या खाचेत अडकलं होतं.

दाराची किल्ली सांभाळणारे काका माझ्या मागून चढले होते. नोंद त्यांनी दोनदा वाचली.

"म्हणजे अकरा वाजलेच नाहीत?"

"नाही काका. दहाचे पडले, अकराचे राहिले."

"खाली सांगणार तुम्ही?"

मी कपलिंगचे बोल्ट शोधायला लागलो.

काम कितीतरी दिवस चाललं. चालू करण्याच्या दिवशी दुपारचे साडेतीन झाले होते. काटे लावून लंबक सोडला. आता ठोक्यांचं चक्र तीनपर्यंत आणायचं, म्हणजे आधी अकरा, मग बारा, एक, दोन, तीन. एरवी अशा वेळी मी हातोडा बांधून ठेवतो, उगाच गाव फसायला नको. त्या दिवशी बांधला नाही. विसरलो, असं समितीला सांगितलं.

खिट्टी उचलली. चौथ्या ठोक्याला खालचं बोलणं थांबलं. झरोक्यातून पाहिलं, तर पाटीसमोर माणसं उभी होती, समितीचे दोन्ही तट धरून. साडेतीनला अकरा कसे, असं कुणी विचारलं नाही. काका माझ्याकडे न बघता बोटांवर मोजत होते.

अकरावा पडल्यावर मी हातोडा बांधला आणि उरलेले मुक्यानं जाऊ दिले.