बाटली धुऊन आणलीया

कागलकडचा गुळव्या (गूळ शिजवणारा), वय ३१, लग्नाला चार वर्षं, मूल नाही. वीर्यतपासणीला आला होता. पिशवीतून त्यानं नमुन्यासाठी खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. ‘मॅडम, गरम पाण्यानं धुऊन आणलीया.’ सोबत दोन जुने रिपोर्ट, ‘पस सेल्स (पू-पेशी) २०-२५’ आणि कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, ‘मिक्स्ड ग्रोथ’ (अनेक प्रकारचे जंतू). तेवढ्यावर अँटिबायोटिकचे तीन कोर्स झालेले.

बाटली परत दिली. घरी धुतलेली बाटली निर्जंतुक नसते आणि साबणाचा अंश राहिला तर शुक्राणू मरतात. शेवटच्या गोळीला महिना उलटला होता ते बरं, नाहीतर कल्चर खोटंच कोरं आलं असतं. तीन दिवसांच्या संयमानंतर नमुना लॅबमध्येच घेतला. आधी लघवी, मग हात आणि शिश्न साबणानं धुऊन साबण पूर्ण काढायचा, टिश्यूनं कोरडं करायचं. तेल, थुंकी काही नको. डबीच्या आत बोट लागू द्यायचं नाही.

अर्ध्या तासात वीर्य पातळ झालं. मिलिलिटरला १ कोटी १० लाख शुक्राणू (किमान १ कोटी ६० लाख हवेत), पुढे सरकणारे २२ टक्के (हवेत ३०). गोल पेशी मात्र ३० लाख. साध्या स्लाइडवर त्या पू-पेशींसारख्याच दिसतात, आणि घाईत तसंच लिहिलं जातं. म्हणून पू-पेशींना रंग देणारी पेरॉक्सिडेज चाचणी लावली. ०.१ मिलि वीर्य, ०.९ मिलि ऑर्थो-टोलुइडिनचं द्रावण, अर्धा तास हलवत ठेवायचं. (हे रसायन कर्करोगकारक, हातमोजे घालाच.) पू-पेशी तपकिरी होतात. त्या भरल्या जेमतेम २ लाख. १० लाखांच्या पुढे गेल्या तर दाह मानतात. बाकीच्या बिनरंगाच्या, काहींत दोन-दोन केंद्रकं. म्हणजे वृषणातून कच्च्याच सुटलेल्या पेशी.

कल्चरसाठी ब्लड आणि मॅकॉन्की अगारवर (जंतू वाढवायच्या प्लेटवर) ३७ अंशांना ४८ तासांत कातडीवरच्या स्टॅफिलोकॉकसच्या चार-दोन वसाहती. खरा ई. कोलाय (आतड्यातला जंतू) भरपूर असता तर त्यानं आपल्या तंतूंनी शुक्राणू पकडून बहुधा गुच्छ केले असते. इथं प्रत्येक सुटा पोहत होता. क्लॅमिडिया (लैंगिक संबंधातून पसरणारा जंतू) अशा प्लेटवर उगवतच नाही, म्हणून पहिल्या धारेच्या लघवीची पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) केली. निगेटिव्ह.

रिपोर्टवर ‘पस सेल्स’ न लिहिता दोन्ही आकडे वेगळे दिले आणि डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न कामाचा विचारला. त्याचं उत्तर, पेटत्या चुलवाणावरच्या काहिलीपुढं रोज बारा तास. वृषणाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो.

‘मग गोळ्या न्हाईत?’

‘जंतूंच्या नाहीत, दादा.’

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. पुढची तपासणी जुलैत ठेवली, गुऱ्हाळ बंद होऊन तीन महिने झाल्यावर.