३२ कोअर, दोन प्रोसेसर आणि एक सबमीटर

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं डिझाईन ऑफिस आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांसाठी आम्ही सीएफडी करून देतो, म्हणजे रेडिएटरमधून पाणी आणि एसीच्या डक्टमधून हवा कशी वाहील याचं गणित. संध्याकाळी लावलेला मोठा जॉब जुन्या सर्व्हरवर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंतही संपेना, तेव्हा मालक म्हणाले, "नवीन घ्या, पण एकच नाव सांगा आणि ते का, तेही सांगा." काम माझ्या गळ्यात पडलं.

कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे गणित करणारे भाग, किती हवेत हा प्रश्नच नव्हता. आमच्या सॉल्व्हरचं, म्हणजे हे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, लायसन्स ३२ कोअरचं आहे. त्यावरचे कोअर नुसते बसून राहणार, आणि लायसन्स वाढवायचं तर त्या खर्चापुढे प्रोसेसरची किंमत किरकोळ वाटते. त्यामुळे एएमडीचे ९६ कोअरवाले एपिक यादीतून आधीच गेले. उरले दोन: एएमडी एपिक ९३५४पी आणि इंटेल झिऑन गोल्ड ६५३०. पहिला नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या पिढीतला, दुसरा डिसेंबर २०२३ मधल्या. दोन्हींच्या पुढच्या पिढ्या बाजारात आल्या आहेत, पण डेमोला मशीन मिळत होतं ते यांचंच, आणि भावात घासाघीस करायला जागाही होती.

स्पेसिफिकेशन शीटवर दोघांचेही ३२ कोअर. एपिकचा बेस क्लॉक, म्हणजे मूळ वेग, ३.२५ गिगाहर्ट्झ, झिऑनचा २.१. एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, २५६ एमबी आणि १६० एमबी. टीडीपी, म्हणजे पूर्ण कामावर धरायची वीज आणि उष्णता, २८० वॉट आणि २७० वॉट. कंपन्यांनी जाहीर केलेली किंमत २७३० डॉलर आणि २१२८ डॉलर. मालकांनी शीटवर नजर टाकून लगेच झिऑनवर बोट ठेवलं. स्वस्त, शिवाय वीजही कमी. तसं बघितलं तर चूक काहीच नव्हतं.

दोन्ही डीलरांनी बेंचमार्कचे आलेख पाठवले. बहुतेक आकडे स्पेक सीपीयू २०१७ या प्रोसेसरच्या वेगाच्या प्रमाणित चाचण्यांचे होते. ते निरुपयोगी नाहीत, पण वाचताना कंपायलर (प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) कोणता आणि सॉकेट, म्हणजे मशीनमधले प्रोसेसर, किती हे बघावंच लागतं. २०२४ च्या सुरुवातीला खुद्द स्पेक संस्थेने झिऑनच्या २६०० हून जास्त निकालांवर शेरा मारला होता, कारण इंटेलच्या कंपायलरमध्ये त्यातल्या एका चाचणीपुरतीच खास सोय केलेली आढळली. म्हणून मी दोघांनाही एकच उत्तर दिलं: आलेख राहू द्या, मशीन द्या.

मला खरी उत्सुकता मेमरी चॅनेलची, म्हणजे मेमरी आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटांची होती. झिऑनला ८ चॅनेल, एपिकला १२. दोन्हीकडे डीडीआर५-४८०० प्रकारची मेमरी धरली तर कागदी बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, झिऑनची सेकंदाला ३०७.२ जीबी आणि एपिकची ४६०.८ जीबी. ३२ कोअरमध्ये वाटली तर दर कोअरला ९.६ आणि १४.४. सीएफडीचा सॉल्व्हर प्रत्येक फेरीत सगळी जाळी मेमरीतून ओढून आणतो, थोडं गणित करतो आणि परत ठेवतो. पंगतीला ३२ पानं मांडली आणि वाढपी ८ असले तर जेवणारा कितीही चपळ असून काय उपयोग!

डेमो मशीन टिळक रोडवरच्या डीलरकडून आधी एपिकचं आलं, मग दुसऱ्याकडून झिऑनचं. दोन्हींवर तेच लिनक्स, ओपनफोम या मोफत सीएफडी सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती, आमच्याच एका जुन्या डक्टचं मॉडेल. हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन कामं चालवण्याची सोय, दोन्हीकडे बंद. बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगांमध्ये, एपिकला एनपीएस४ आणि झिऑनला एसएनसी चालू केलं (दोन्हींनी कोअरला जवळची मेमरी वाटून मिळते), आणि प्रत्येक प्रोसेस एकेका कोअरला बांधून टाकली. या सेटिंगांवर पुरेसा वेळ द्यावा. डीलरचा इंजिनिअर मशीन जसं पेटीतून निघतं तसंच चालू करून देतो, आणि मग दोन मशीनची तुलना होण्याऐवजी दोन बायॉसची होते.

विजेचं कोडं वेगळंच. आमच्या इलेक्ट्रिशियनने क्लॅम्प मीटर काढला. तो करंट दाखवतो, युनिट नाही. "साहेब, सबमीटरच बसवू ना," असं म्हणून त्याने सर्व्हरच्या लाईनवर एक डिजिटल सबमीटर लावला. सगळ्या तुलनेत सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत कामाची वस्तू तीच ठरली. जॉब सुरू करताना रीडिंग, संपल्यावर रीडिंग, झाला हिशोब.

तोच जॉब ८, १६, २४ आणि ३२ कोअरवर चालवला. ८ कोअरवर दोघांत फरक होता, पण डोळ्यांत भरण्याजोगा नव्हता. १६ नंतर झिऑनची चढण मंदावली, आणि २४ वरून ३२ वर गेल्यावर वेळ जेमतेम कमी झाला. एपिकही शेवटी मंदावला, पण बराच उशिरा. सबमीटरवर तर मजा दिसली. एपिकचं मशीन चालताना किंचित जास्त वॉट ओढत होतं, पण काम आधी संपवत असल्यामुळे एका जॉबमागे युनिट कमी पडत होते. टीडीपीतला १० वॉटचा फरक तिथेच निकालात निघाला. मालकांना मी वर्षाच्या भाषेत सांगितलं: १०० वॉट वर्षभर अखंड जळले की ८७६ युनिट होतात, आणि ती उष्णता बाहेर फेकायला एसी साधारण दर तीन युनिटमागे आणखी एक युनिट खातो. भोसरीतल्या एप्रिल-मे महिन्यात त्याहूनही जास्त.

झिऑन हरला असं मात्र कोणी समजू नये. आमचा एक मुलगा वेल्डिंगचे फोटो तपासणारं छोटं एआय मॉडेल चालवतो. ते झिऑनवर स्पष्टपणे जोरात धावलं, कारण त्यात एएमएक्स नावाची मॅट्रिक्स गुणाकाराची खास सोय आहे आणि या एपिकमध्ये ती नाही. ज्यांचं मुख्य काम तेच आहे, त्यांच्यासाठी माझं उत्तर उलटं असेल.

झिऑनवाल्या डीलरने मग हुशारीचा पर्याय पुढे केला: १६ कोअरचे दोन झिऑन, म्हणजे कोअर ३२ आणि चॅनेल १६. तांत्रिकदृष्ट्या मला तो आवडला. बँडविड्थ एपिकच्याही वर जात होती. पण दोन प्रोसेसर आणि १६ डिमचा (मेमरीच्या पट्ट्यांचा) भाव लावल्यावर कोटेशन बजेटच्या बाहेर गेलं.

एपिकच्या पहिल्या कोटेशनमध्येही एक गोम होती. २५६ जीबी मेमरी, ३२ जीबीचे ८ डिम. १२ चॅनेलपैकी ४ रिकामे! ज्यासाठी हा प्रोसेसर घ्यायचा, तेच काढून टाकून किंमत खाली आणलेली. मी ३२ चे १२ डिम, म्हणजे ३८४ जीबी लिहून मागितलं. रक्कम वाढली, तरी दोन डीलरांचे आकडे समोरासमोर ठेवून बरीच खाली आणता आली. अकाउंट्सच्या मॅडमनी १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळणार हे मालकांना आठवण करून दिलं, आणि सही झाली.

एपिक बसवून झाला. सबमीटर आम्ही काढला नाही. आता ग्राहकाला कोटेशन देताना जॉबमागची वीज धरता येते. वेल्डिंगचे फोटो अजून जुन्याच सर्व्हरवर तपासले जातात. ते काम वाढलं तर त्यासाठी एक लहान झिऑन घ्यायचा, असं मालकांशी बोलणं झालं आहे.